दहीकरण

दृढीकरण हा शब्द ज्या कोणी काढला, त्याची आणि गोंदियाच्या पोरांची गाठ कधी पडली नसावी. पडली असती तर त्याने काहीतरी सोपं काढलं असतं.

आग्नेसबाई त्रिभुवन यांनी तो शब्द उन्हाळाभर पोरांच्या तोंडात कोंबून पाहिला. इंजिन ड्रायव्हरचा इन्नासी तेलुगू घरातला. तो शब्दाला शेवटी एक 'मु' लावून मोकळा व्हायचा. गार्डसाहेबांच्या गोव्याकडच्या जुळ्या मुली नाकातून काहीतरी गोड काढायच्या, त्यात 'करण' तेवढं ऐकू यायचं. गँगमनच्या पोरांचं 'दिढीकरन' व्हायचं. आणि जवळच्या फुलचूर गावची जमुना म्हणायची, "दहीकरन." तेही अगदी ठासून, मान ताठ ठेवून. आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा तिच्या तोंडावर दिसायची नाही.

"दृ-ढी," आग्नेसबाई म्हणत.

"द-ही," जमुना म्हणे.

बाई नगरकडच्या. लग्न होऊन रेल्वेबरोबर गोंदियाला आलेल्या, पोटी मूलबाळ नाही. चर्चच्या पत्र्याच्या पडवीत भरणारा हा धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणजे त्यांचा संसारच. सणांच्या दिवसांत लोकांची घरं भरतात, यांची पडवी भरायची. मे महिन्यात शाळांना सुट्टी, म्हणून वर्ग रोज सकाळी, ऊन तापायच्या आत. लोको शेडचा भोंगा झाला की प्रार्थना, आणि पत्रा तडतडायला लागला की सुट्टी.

त्या वर्षीची घाई वेगळी होती. पेंटेकॉस्टच्या सणाला खुद्द बिशप येणार होते, पोरांना दृढीकरण द्यायला. बाप्तिस्मा होतो तेव्हा मूल तान्हं असतं, त्याच्या वतीने मोठी माणसं बोलतात. पुढे समज आली की बिशप येतात, कपाळाला पवित्र तेल लावतात, गालावर हलकी चापट मारतात, आणि पवित्र आत्मा त्या पोराला विश्वासात पक्कं करतो. पोरांना यातली चापट तेवढी नीट समजली होती. ती किती जोरात बसते यावर पडवीत रोज वाद व्हायचा.

बिशप काही दरसाल येत नाहीत. आणि त्यांच्या आधी एक दिवस यायचे फादर जिल्बेर, नागपूरहून, परीक्षा घ्यायला. पोरं त्यांना पाठीमागे जिलबी फादर म्हणत आणि आग्नेसबाई त्याबद्दल पोरांचे कान पिळत. फादर उंच, पांढऱ्या दाढीचे, दूरदेशीचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे लहान पोरालाही 'आपण' म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. ज्याला दृढीकरणाचा अर्थ सांगता येत नाही त्याला दृढीकरण नाही, मग तो कुणाचा का असेना.

मागच्या खेपेला तो नियम जमुनावरच येऊन पडला होता. तेव्हा ती लहान होती. फादरांनी विचारलं, आणि पोरगी त्यांच्या दाढीकडे बघत जी उभी राहिली ती उभीच राहिली. तोंडातून चकार शब्द नाही. फादर म्हणाले, "पुढील वेळी पाहू." बोलले प्रेमानेच, पण फुलचूरला पोचेपर्यंत त्या वाक्यातलं प्रेम गळून गेलं आणि नुसता नकार उरला.

कारण जमुनाची गोष्ट बाकीच्यांसारखी नव्हती. बाकीची पोरं पिढीजात ख्रिस्ती, चुकली तरी चर्च त्यांचंच. जमुनाचा बाप बकाराम लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस. बाईंचे यजमान याकोब तिथेच फिटर. त्यांच्यामागून बकाराम रविवारी यायला लागला, शेवटच्या बाकावर बसायला लागला, आणि एका वर्षी त्याने बायको-पोरीसह बाप्तिस्मा घेतला. का घेतला ते त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. माणसाच्या पोटात हात घालून बघू नये, असं त्यांचं मत होतं. पण त्याच आवारात राहणारा थोरला भाऊ पुनाराम, त्याने मात्र जमुना परत आली त्या दिवशी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "तुमी धरम घेतला गा, पर धरमानं तुमाले घेतलंच नाही!"

तेव्हापासून बकाराम चर्चच्या फाटकापर्यंत यायचा, बायको-पोरीला सोडायचा आणि बाहेर निंबाखाली सायकल धरून उभा राहायचा.

त्याची बायको रुख्मा रेल्वे क्वार्टर्समध्ये म्हशीचं दूध घालायची. एक दिवस बाईंच्या दारात माप रिकामं करून ती तिथेच घुटमळली.

"बाई, एक सांगतो. ह्या टायमाले पोट्टी वापस आली तं हे म्हनते का आता बस झालं. पोट्टीलेई वर्गात नाही धाडत म्हनते. घरीच बरे म्हनते."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हनू? मले तं आवडते इथं." रुख्माने पदराने तोंड पुसलं. "पर रोज उठून जेठाचं बोलनं कोन आयकन?"

त्या दिवशी आग्नेसबाईंचा चहा नासला. दूध चांगलं होतं, यांचंच लक्ष नव्हतं. वर्गातली एक पोर कमी होणार, एवढंच ते नव्हतं. जमुना त्यांना आवडायची. सगळ्यात आधी येऊन पडवी झाडणारी, कुणी हसलं तर रागावण्याऐवजी आपणही हसणारी पोर. ती जर केवळ एका शब्दापायी गेली असती, तर बाईंना त्या शब्दाचा जन्मभर राग आला असता.

मग त्यांनी शब्द ठेवला बाजूला आणि गोष्ट घेतली.

"येशू स्वर्गात गेल्यावर त्याचे शिष्य एका खोलीत दारं लावून बसले होते."

"काऊन?" जमुनाने विचारलं.

"भीती वाटत होती. बाहेर लोक त्यांच्या जिवावर उठले होते. मग एक दिवस, पेंटेकॉस्टच्या सणाला, एकदम वाऱ्यासारखा मोठा आवाज झाला. सगळं घर भरून गेलं."

"वावधन," जमुना पोरांना म्हणाली. मेच्या दुपारी पत्रे उडवणारं वादळ पोरांना चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांनी वर पत्र्याकडे बघून घेतलं.

"आणि आगीच्या जिभा दिसल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक येऊन थांबली."

"केस नाही जळले?" इन्नासीने विचारलं.

"नाही जळले. ती जाळणारी आग नव्हती. पवित्र आत्मा त्यांच्यात आला. दारं उघडून ते रस्त्यावर आले आणि बोलायला लागले. तिथे देशोदेशीची माणसं जमली होती, पण जो तो म्हणायला लागला, हे तर आमच्या बोलीत बोलताहेत!"

"तेलुगूत पण?"

"तेलुगूत पण."

जमुनाने जरा दबकत विचारलं, "आमच्या फुलचूरच्या बोलीत?"

पुस्तकात काही फुलचूरचं नाव नव्हतं. पण पोरीचे डोळे बघून बाईंना पुस्तकापेक्षा पोरगी महत्त्वाची वाटली. "तुझ्या बोलीत का नाही? देवाला काय फुलचूर लांब आहे?"

जमुना खूश झाली, आणि खुशीतच तिने बॉम्ब टाकला. "म्हंजे त्याईच्या आंगात आलं!"

वर्ग खदखदून हसला. बाईंना घाम फुटला. अंगात येणं या पोरांनी गावोगाव पाहिलेलं. केस सोडून घुमणारी बाई, लिंबू, ढोल. फादरांच्या कानावर हे गेलं असतं तर जमुनाच काय, वर्गच बंद झाला असता.

"छे गं! अंगात येणं वेगळं."

"कसं वेगळं जी?"

कसं वेगळं? बाईंनी पदराने वारा घेतला, तेवढाच वेळ मिळाला. "अंगात येतं ते उतरतं. संध्याकाळी ती बाई पुन्हा आपली भाकरी थापायला बसते. हा आत्मा उतरत नाही. एकदा आला की राहतो. म्हणून तर दृढीकरण आयुष्यात एकदाच होतं. दृढ म्हणजे घट्ट."

"घट्ट? दह्यावानी?"

नेमकी तेव्हाच वाऱ्याची वावटळ पडवीत शिरली. पाट्या पडल्या, जुळ्यांपैकी एकीच्या डोळ्यात धूळ गेली आणि ती किंचाळली. बाई तिचा डोळा फुंकत म्हणाल्या, "हो गं बाई, दह्यासारखं. आता त्या पाट्या गोळा कर." म्हणाल्या आणि विसरल्या.

जमुना विसरली नाही.

परीक्षेच्या सकाळी आग्नेसबाई पडवीत चटई अंथरत होत्या, तर रुख्मा डोक्यावर मोठं मडकं घेऊन फाटकातून आत आली. मागे नवा फ्रॉक घातलेली, केसांना चापून तेल लावलेली जमुना. बकाराम नेहमीप्रमाणे निंबाखाली.

"हे काय आणलंस?"

"दही जी." रुख्माने मडकं पडवीच्या कोपऱ्यात जपून टेकवलं. "दहीकरन हाय ना? आज लागते का उद्या बिसपसायबाले लागते ते नाही समजलं, म्हनून जास्तच लावलं. दोन दिवसाचं दूध नाही इकलं आमी."

बाईंच्या हातातून चटई सुटली. "दही? अगं, तुला कुणी सांगितलं दही लागतं म्हणून?"

"पोट्टी म्हने, बाईनंच सांगतलं. आत्मा दह्यावानी रायते म्हने."

तेव्हा कुठे त्यांना ती वावटळ आठवली, आणि फुंकलेला डोळा, आणि स्वतःचं बोलणं. आता पोरीला काय समजवायचं? सांगितलं असतं की हे सगळं चूक, तर तिच्या तोंडात जे चार शब्द होते तेही गेले असते. तेवढ्यात नागपूरकडच्या गाडीची शिट्टी झाली. बाईंनी मडक्यावर एक जुना टॉवेल टाकला, क्रूसाची खूण केली आणि बाकीचं देवावर सोडलं. देवाकडे त्या दिवशी काम बरंच होतं.

फादर जिल्बेर आले, पाणी प्यायले, खुर्चीवर बसले. पोरं ओळीने उभी. इन्नासीने उत्तर एका श्वासात म्हटलं, शेवटच्या 'मु'सकट. फादरांनी मान हलवली. जुळ्यांनी एकमेकींच्या आधाराने म्हटलं. गँगमनचा मोठा पोरगा मध्येच अडला, पण सावरला. मग जमुना.

"आपण मला सांगावे, दृढीकरण म्हणजे काय?"

जमुना दाढीकडे बघत राहिली. मागच्या खेपेसारखीच. निंबाखाली बकारामने तोंड फिरवलं, तेही बाईंना दिसलं. मग पोरगी बोलली.

"दहीकरन."

जुळ्या फिस्सकन हसल्या. फादरांनी कपाळाला आठी घातली. "क्षमा करा. काय म्हणालात?"

"दहीकरन जी. दूध पातर रायते. भांडं हाललं का सांडते. येशूचे सिस्य तसेच होते. भेव लागे तं दार लावून बसले होते." तिने एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी नकळत मान डोलावली, आणि पोरगी सुटली. "मंग माय दुधात इरजन लावते. थोडसंच, बोटभर. अन् झाकून ठेवते, हात नाही लावू देत. आपल्याले काहीच दिसत नाही आत काय होऊन रायलं ते. पर सकारी पाहा तं घट्ट! मंग भांडं कलतं करा, नाही सांडत. आत्मा तसाच आला. मंग त्याईनं दार उघडलं अन् बाहेर गेले. लोकाईले नाही भ्याले."

फादर पुढे वाकून बसले होते. झाडीपट्टीची ही बोली त्यांना अर्धीच कळत असावी, पण ते कान देऊन ऐकत होते.

"हे इरजन, ते कोठून येते?"

"कालच्या दह्यातलंच रायते जी. घरचं सरलं तं सेजारीन देते. कोनाचं तरी घ्याच लागते. आपलं आपून नाही होत."

"हं." फादरांनी दाढी कुरवाळली. मग एक बोट वर केलं, तेव्हा आग्नेसबाईंना कळलं की आता खरा प्रश्न येतोय. "आणि समजा आपल्याला पश्चात्ताप झाला. आपल्याला वाटले, नको हे दही. तर त्याचे पुन्हा दूध करता येते काय?"

जमुनाला प्रश्नाचंच हसू आलं. असलं कुणी विचारतं का?

"नाही जी! दह्याचं दूध कधीच नाही होत. एकडाव झालं तं झालं. बाईनं सांगतलं, आंगात येते ते उतरते, हा उतरत नाही."

आग्नेसबाईंनी डोळे मिटून घेतले. 'अंगात' हा शब्द तेवढा नको होता गं पोरी.

मग फादरांच्या दाढीच्या आतून एक आवाज आला. पहिल्यांदा खोकल्यासारखा वाटला, पण तो हसण्याचा होता. "माझ्या आईचे घर डोंगरात होते," ते म्हणाले. "आमच्याकडेही गाई. आमच्याकडेही झाकून ठेवायचे आणि हात लावला की मार. मी फार मार खाल्ला आहे." ते आग्नेसबाईंकडे वळले. "बाई, ही कन्या उद्या पहिल्या रांगेत उभी राहील. शब्द तेवढा बिशपांपुढे नीट म्हणवून घ्यावा."

"हो फादर," बाई म्हणाल्या. हुश्श करायचं होतं, पण हुंदकाच आला. सरळ चटईवर बसकण मारली त्यांनी. पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो असा उतरतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग फादरांचं लक्ष कोपऱ्यातल्या टॉवेलकडे गेलं. "तिथे काय झाकले आहे?"

रुख्मा पुढे झाली. "दहीच हाय जी."

"अस्से! मग हात लावायची आता परवानगी आहे ना?" फादरांनी पोरांकडे पाहिलं, आणि त्या निळ्या डोळ्यांत एकदम खोडकरपणा आला. "मी ऐकले आहे, या गावात दही जिलबीबरोबर खातात. जिलबी तर इथे बसलेलीच आहे."

इन्नासी लाजेने गँगमनच्या पोरांमागे लपला. आग्नेसबाईंना कान पिळायला त्या दिवशी कुणाचाच कान सापडेना.

दही वाटलं गेलं. पानांच्या द्रोणात, वर साखर भुरभुरून. बाईंनी एक द्रोण उचलला आणि स्वतः फाटकाबाहेर निंबाखाली नेला. बकारामने सायकल झाडाला टेकवली. द्रोण घेतला. खाईना मात्र, नुसता धरून उभा राहिला.

"म्या आयकलं सारं," तो म्हणाला. मग डोळे पुसले, उघड, कुणाची लाज न धरता. "बाई, मागल्या खेपीपासून म्या घास कधी गोड लागून खाल्ला नाही."

"मग आता खा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सण झाला. चर्चमध्ये लाल वस्त्रं, मेणबत्त्या, लॅटिनमधलं गाणं. बिशपांनी जमुनाच्या कपाळाला तेल लावलं, गालावर हलकी चापट मारली, आणि ती चापट एवढीशीच निघाल्यामुळे पोरीला हसू आवरलं नाही. शेवटच्या बाकावर बकाराम बसला होता, आत.

संध्याकाळी त्याने आग्नेसबाई आणि याकोबना फुलचूरला जेवायला नेलं. अंगणात खाटा टाकल्या होत्या. शेजारच्या ओट्यावर पुनाराम बिडी ओढत बसला होता. पाहुण्यांना राम राम केला, आणि मग त्याला राहवलं नाही.

"काय गा बकाराम, घेतलं का यंदा धरमानं? का पुन्हा वापस?"

जमुना आईच्या मागे सरकली. बकाराम मात्र शांतपणे तांब्यातलं पाणी पाहुण्यांच्या हातावर घालत होता, ते पूर्ण घालून झाल्यावर तो वळला.

"घेतलं दादा. अन् आता आमाले मांगं बलावजो नोको. दह्याचं दूध होत नाही."

कालची परीक्षा, फादर, आत्मा, यातलं पुनारामला काडीचं ठाऊक नव्हतं. पण त्याने जन्मभर म्हशी पाळल्या होत्या, आणि ही गोष्ट खोटी आहे असं त्याला काही केल्या म्हणता येईना. त्याने बिडी ओट्याच्या कडेला विझवली.

"नाही होत, हे खरं हाय," तो म्हणाला. "पर ताक तं होते ना गा? का ताकालेई धरम लागते तुमचा?"

"ताकाले कायले लागन?"

"मंग आन गिलासभर. एवढ्या उन्हातान्हाचा बसलो हावो सकारपासून, कोनी इचारतच नाही."

रुख्माने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तोंड लपवून हसली. जमुना रवी आणायला आत पळाली. पुनाराम ओट्यावरून उतरून खाटेवर येऊन बसला, याकोबच्या शेजारी, आणि आग्नेसबाईंनी सरकून त्याला जागा करून दिली.